केलाँग ते लेह, एक फुल

३१ मे २०२४. अकरा हजार दोनशे चौसष्ट रुपये. एसटीच्या वाहक विजयमाला आप्पासाहेब खारतोडे यांनी आगाराच्या खिडकीतून माझ्याकडे केलेला हा शेवटचा भरणा. मी आगाराच्या लेखा शाखेत लिपिक आहे. बी.कॉम. झाल्यावर लागलो, येत्या मार्चअखेर निवृत्त होईन. चोवीस वर्षं त्या माझ्यासमोर उभ्या राहून दिवसाचे पैसे देत आल्या. त्या संध्याकाळीही त्यांनी नोटा एका तोंडाने लावून, चिल्लर वेगळी बांधून दिली. मी मोजली, पावती फाडली. त्यांनी ती वाचली, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, “सायेब, आता मी पाशिंजर.”

बायकांना वाहक म्हणून घेणार अशी जाहिरात आली तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या. दहावी झालेल्या, कळसला सासर, दोन एकर रान, ऋषिराज नावाचा शाळकरी मुलगा. अर्ज त्यांच्या नवऱ्यानेच, आप्पासाहेबांनी, भरला. गावात कुणी तरी त्यांना विचारलं होतं, “आप्पा, मालकीण घंटी मारणार, मग तू काय करणार?” आप्पासाहेब म्हणाले, “मी गाडीत बसणार. मला अर्धं तिकीट चालंल का, ते इचारून ठिवलंय.” हा किस्सा विजयमालाबाई स्वतः सांगायच्या आणि सांगताना दर वेळी नवऱ्याचा आवाज काढायच्या.

नोकरीसाठी दोघं मुलासह बारामतीजवळच्या जळोचीला दोन खोल्यांत राहायला आले. बाईंना इंदापूर–बारामतीच्या फेऱ्या मिळाल्या आणि अधूनमधून कळसची. चालक बहुतेक वेळा इमाम मुलाणी. एसटीत चालक-वाहकाची जोडी जमली की संसारासारखीच जमते. या दोघांची सतरा वर्षं जमली. घंटी कशी वाजली यावरून इमामभाईंना कळायचं, आज बाई कशावरून तरी चिडल्यात. भांडण झालं तर दोघं एकमेकांशी न बोलता पूर्ण दिवस गाडी चालवायची, आणि गाडी वेळेवरच पोचायची.

मी एकदा ढोबळ हिशेब केला होता. विजयमालाबाई नोकरीत बारा लाख किलोमीटरच्या वर फिरल्या. पण ते सगळं त्याच पन्नास-साठ किलोमीटरच्या आत. तेच थांबे, तीच उसाची रानं, तेच शाळेचे पासवाले. शिवाय त्या बारा लाखांतले बहुतेक उभ्याने. सुट्टीला कळसला जायच्या तेव्हाही जागा दुसऱ्याला देऊन दांडीला धरून उभ्या राहायच्या. ओळखीचा वाहक तिकिटाला विचारायचाच नाही.

२०१९च्या उन्हाळ्यात कॅन्टीनमध्ये चहा पिताना इमामभाईंनी मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. हिमाचलची सरकारी बस. दिल्लीहून निघते आणि हिमालय ओलांडून लेहला जाते. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आणि मधून ती साधी, चिखलाने माखलेली बस.

“बघा बाई, ही बी एसटीच. सतरा हजार फुटांवरनं जाती.”

“कंडक्टर हुबाच ऱ्हातो का वं तितं बी?”

“हुबं ऱ्हायला हवा लागती. तितं हवाच न्हाय म्हणं. आन् आपल्या रूटला चढ म्हंजी काय, तर उड्डाणपूल.”

बाईंनी ती चित्रफीत तीनदा पाहिली. मग म्हणाल्या, “मला ह्या गाडीत बसायचंय. तिकीट काढून. खिडकीला. शेवटच्या स्टॉपपर्यंत.” आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. पुढची पाच वर्षं त्या हे वाक्य असंच, याच क्रमाने, म्हणत राहिल्या. त्यांना बर्फ बघायचं होतं असं मला वाटत नाही. त्यांना कुणी तरी दुसऱ्याने चालवलेल्या आणि दुसऱ्याने सांभाळलेल्या गाडीत बसून शेवटपर्यंत जायचं होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती मला माहीत होती म्हणूनच सांगायला हवी.

विजयमालाबाई ड्यूटीवर पाणी प्यायच्या नाहीत. घरून स्टीलची बाटली भरून आणायच्या आणि संध्याकाळी भरणा झाल्यावर माझ्या खिडकीशेजारच्या खांबाला टेकून ती एका दमात संपवायच्या. सुरुवातीला मला वाटलं, उपवास असेल. मग इमामभाईंनी सांगितलं. २००१ साली कळसच्या फेरीला, दुसरा चालक होता तेव्हा, बाईंनी एका बाभळीच्या रांगेशी गाडी थांबवायला लावली. पाच मिनिटांत परत आल्या. पायरी चढताना मागच्या सीटवरचा एक जण म्हणाला, “चला, कंडक्टरीणबाई मोकळ्या झाल्या. आता गाडी बी मोकळी करा.” गाडी हसली. बाईंनी घंटी मारली, तिकिटं पुरी केली. त्या दिवसापासून त्यांनी सकाळी घर सोडलं की भरणा होईपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही.

त्यांची उलट बाजूही तशीच कडक होती. कुणी प्रवासी म्हणाला, “बाई, जरा थांबवा की,” तर त्या म्हणायच्या, “एकापायी पन्नास माणसं खोळंबवू? घरनं निघतानाच बघायचं असतं.” २०१२ला त्यांना मुतखड्याचं ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी पाण्याबद्दल बजावलं. रजेच्या महिनाभर त्या पाणी प्यायल्या. पुन्हा ड्यूटी, पुन्हा भरलेली बाटली. नव्या मुली वाहक म्हणून आल्या त्यांना त्या तिकिटाचं मशीन शिकवायच्या आणि हेही शिकवायच्या. आगारात हे सगळ्यांना माहीत होतं. हा कामाचाच भाग, असं आम्ही धरून चाललो होतो.

निवृत्तीनंतर पंधरा दिवसांच्या आत निघायचं ठरलं. विजयमालाबाई, वर्षभर आधी निवृत्त झालेले इमामभाई, त्यांच्या पत्नी जरिनाभाभी आणि मी. माझ्या पत्नीला घाट लागतो, ती आली नाही. आप्पासाहेबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं होतं. ते म्हणाले, “आयुष्यभर लोकांला सोडत आलीस. येकदा सवताला सोडून ये. मला हितनं दिसतंय.”

“काय दिसतंय?”

“तू कंडक्टरशी भांडताना.”

आखणी माझ्याकडे होती आणि ती मी नीट केली. एकदम उंचावर जायचं नाही, म्हणून मनालीत दोन रात्री, केलाँगला दोन रात्री. चौघांसाठी एक तक्ता केला: दर दोन तासांनी पाणी, सकाळ-संध्याकाळ गोळी, समोर खुणेसाठी चौकोन. गोळ्या बारामतीतल्या डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या, उंचीवरच्या त्रासासाठी. औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणाला, “ह्यानं लघवीला जास्त जावं लागतं, घाबरू नका.” मी पैसे काढत होतो. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं असणार. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

तेरा जूनला दौंडहून गाडीत बसलो. दिल्ली, मग मनाली, मग डोंगराच्या पोटातला तो लांब बोगदा पार करून केलाँग. केलाँग म्हणजे उतारावर चिकटलेलं लहानसं गाव. समोरच्या डोंगरावर बर्फ, खाली नदी. संध्याकाळी सातला दातखीळ बसेल अशी थंडी. बाईंनी स्वेटरवर साडीचा पदर घट्ट गुंडाळला होता आणि पायात मोजे घालून चप्पल. एकोणीस तारखेच्या संध्याकाळी त्या आम्हाला घेऊन बसस्टँडवर गेल्या. उद्याची बस उभी होती. त्यांनी तिला एक फेरी मारली, टायर पाहिले, मागची शिडी हलवून पाहिली. तिचा कंडक्टर तिशीतला तरुण होता, लाहौल भागातलाच, गालांवर उन्हाने तडकलेली कातडी. बाईंनी त्याला आपल्या हिंदीत सांगितलं, “हम भी एसटी. महाराष्ट्र. कंडक्टर. चौबीस साल.”

तो चटकन उभा राहिला. म्हणाला, “मॅडम, फिर तो आप स्टाफ हैं. आपसे क्या टिकट लेना.”

“नहीं. स्टाफ खतम. पाशिंजर. टिकट पूरा लूँगी.” आणि मग, सवयीने मराठीतच, “केलाँग ते लेह, एक फुल.”

त्याला ते कळलं. तिकीट घेताना बाईंनी दोन्ही हात पुढे केले. देवळात प्रसाद घेतो तसे. इमामभाई माझ्या कानाशी म्हणाले, “पुढच्या जन्मी बी हिच्याच गाडीवर ड्यूटी मिळू दे रं बाबा.” बाईंनी ते ऐकलं. “पुढच्या जन्मी मी ड्रायव्हर. तुमी तिकिटं फाडा.”

वीस जून, पहाटे साडेपाच. बाईंना डाव्या हाताची खिडकी मिळाली, शेजारी जरिनाभाभी. मी आणि इमामभाई त्यांच्या मागे. पहिला अर्धा तास त्यांना बसवतच नव्हतं. कुणी चढलं की त्या अर्ध्या उठून मागे बघायच्या, दार लागलं का. मग हळूहळू पाठ टेकली. हात मांडीवर ठेवले. त्यांचे हात रिकामे असलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

दारचा हे गाव मागे पडलं आणि झाडं संपली. मग गवत संपलं. नुसते तांबडे-करडे डोंगर आणि त्यांच्या अंगावरून वळत जाणारा रस्ता. इमामभाई ड्रायव्हरच्या प्रत्येक गियरला दाद देत होते. “दुसऱ्यातनं पहिल्यात टाकला, आवाज आला का? आपल्याकडचे दात तोडत्यात.” जरिनाभाभी मागे न बघता म्हणाल्या, “तुमी हितनं गाडी चालवू नका. मघापास्नं माझ्या सीटला ब्रेक मारताय.”

बारालाचा खिंडीत बर्फाच्या भिंती आल्या, बसपेक्षा उंच, खिडकीला घासतील अशा. बाईंनी काचेला हात लावला. “सायेब, तोडीच्या आदी कळसच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस असतो ना, तसं दिसतंय. फकस्त पांढरं.” मी वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा खिडकीकडे होता आणि काचेत दिसत होता. मी त्या बाईंना चोवीस वर्षं ओळखत होतो, पण तसा चेहरा पाहिला नव्हता. भरणा झालेला, पावती मिळालेली, आणि अजून घरी जायची घाई नाही, असा.

खिंडीच्या अलीकडे साडेसातला मी विचारलं होतं, “बाई, पाणी घेतलंत?”

“व्हय.”

मी तक्त्यावर खूण केली. साडेनऊला विचारलं. “व्हय की.” खूण केली. साडेअकराला सरचूला बस थांबली. सपाट माळ, तंबू, वारा. जरिनाभाभी आणि दोन-तीन बायका एका मोठ्या दगडाआड निघाल्या.

“चला मालाताई.”

“मला न्हाय आली. सामान हाय, मी बसते.”

मी पाण्याचं विचारलं. त्यांनी होकाराची मान हलवली. मी खूण केली.

सरचूच्या पुढे एकवीस वळणांचा घाट चढताना त्यांनी डोक्याला रुमाल आवळून बांधला. दोनदा पिशवीत उलटी केली, तीही आवाज न करता. इमामभाई म्हणाले, “चोवीस साल गाडी लागली न्हाय, आज लागली. आता झालात खऱ्या पाशिंजर.” त्या थोड्या हसल्या. कंडक्टर येऊन उभा राहिला. म्हणाला, “मॅडम, पाँच मिनट रोक दूँ? बाहर हवा लीजिए.”

“थांबवू नका,” त्या मराठीत म्हणाल्या. “एकीपायी चाळीस माणसं. मी कुणासाठी थांबवली न्हाय, माझ्यासाठी कशाला?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, उलटी झालीय, बरं वाटेल. पुढे पांगला जेवायचा थांबा आहेच, दीड तासावर. मी त्याला हाताने ‘चालू दे’ म्हटलं.

पांगच्या अलीकडची खिंड उतरून बस खाली निघाली तेव्हा बाई अचानक उठल्या. जरिनाभाभींना ओलांडून मधल्या वाटेत आल्या. डावा हात वरच्या दांडीला, उजवा पोटाशी, तिकिटाचं मशीन धरल्यासारखा. “बोला, कुठं? चला, मागं सरका. दारात कोण हाय?” पुढच्या सीटवर एक लडाखी म्हातारी होती, तिच्यामागे दिल्लीचे दोन कॉलेजचे मुलगे. मुलांना गंमत वाटली. एक जण म्हणाला, “आंटी, दो लेह.” बाईंनी हवेत बटणं दाबली. आम्हालाही वाटलं, मळमळ गेली, मजेत आल्या. इमामभाईंनी मागून आवाज दिला, “बाई, एक फुल इंदापूर.” आणि दहाची नोट पुढे केली.

“सुट्टे द्या,” त्या म्हणाल्या. नोट हातात घेतली. तिच्याकडे बघत राहिल्या. ती खाली पडली तरी त्या रिकाम्या हाताकडेच बघत होत्या. मग इमामभाईंना म्हणाल्या, “आप्पा, तुमी कशाला आला? तुमचा खुबा दुखंल.”

मुलं हसायची थांबली. इमामभाईंनी त्यांचा दंड धरला. “सायेब, ह्यांचं बघा काय तरी.” बाईंचे ओठ जांभळे दिसत होते. दोन पावलं टाकताना पाय एकात एक अडकले आणि सगळा भार इमामभाईंवर आला.

पांगला दोन वाजून दहा मिनिटांनी पोचलो. तिथे तंबूंची रांग आणि थोड्या अंतरावर एक लष्करी छावणी आहे. छावणीतला डॉक्टर पोरसवदा होता, पण हात चलाख. त्याने दवाखान्याच्या तंबूत घेऊन लगेच ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली, रक्तदाब पाहिला. मग विचारलं, शेवटची लघवी कधी झाली. जरिनाभाभी म्हणाल्या, “पहाटं चारला. तवापास्नं न्हाय.” गोळ्या घेतल्या का, पाणी किती प्यायल्या? मी तक्ता पुढे केला. त्यावर त्यांच्या रांगेतले सगळे चौकोन भरलेले होते.

जरिनाभाभींनी बाईंची पिशवी उघडली. केलाँगला मी विकत घेऊन दिलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, झाकणाची पट्टीही न तुटलेली. गोळ्यांची पट्टी, दहाच्या दहा. डॉक्टरने बाटल्या पाहिल्या, तक्ता पाहिला आणि तो मला परत दिला.

तेहेतीस वर्षांत मी एकाही वाहकाचा भरणा तोंडी घेतला नाही. विजयमालाबाईंसारख्या बाईचाही नाही. त्यांचे पैसे एकदाही कमी भरले नाहीत, तरी मी रोज मोजून घ्यायचो आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. त्या दिवशी मी त्यांच्या तोंडच्या शब्दावर खूण करत गेलो. पिशवी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. आणि बाटली भरलेली राहते, हे मला माहीत होतं.

डॉक्टर म्हणाला की मेंदूला सूज आली आहे, फुप्फुसातही पाणी आहे. खाली न्यायला हवं. पण पांगची अडचण अशी, की तिथून कुठल्याही बाजूला खाली जायचं तर आधी वर चढावं लागतं. जरा स्थिर झाल्या की रुग्णवाहिकेने लेहला हलवू. मी विचारलं, पाणी प्यायल्या असत्या तर? तो म्हणाला, “फक्त पाण्याचंच असं सांगता येत नाही. काही जणांना सगळं करूनही होतं. पाण्याची आणि गोळीची मदत झाली असती.” तो सभ्यपणे बोलला.

बस अजून उभीच होती. एक तास वीस मिनिटं. कंडक्टर मधूनमधून येऊन दारात उभा राहायचा. साडेतीनच्या सुमारास बाईंनी डोळे उघडले आणि या वेळी त्यांना माणसं ओळखू आली. दारातल्या कंडक्टरकडे त्यांनी पाहिलं. मास्कच्या आतून म्हणाल्या, “गाडी का हुबी?”

मी सांगितलं, तुमच्यासाठी थांबवलीय.

“सोडा. पाशिंजर खोळंबलं.”

कंडक्टरने विचारलं, काय म्हणतात. मी सांगितलं. मग त्याने दोन्ही हात जोडले आणि गेला. आमचं सामान उतरवलेलं होतंच. बस सुरू झाल्याचा आवाज आत आला, आणि चढावर गियर बदलल्याचा. बाई ऐकत होत्या. त्यांची नजर आवाजाच्या दिशेने हळूहळू सरकत गेली, तंबूच्या एका कापडी भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर. आवाज संपल्यावर त्यांनी डोळे मिटले.

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. डॉक्टर आणि त्याचा सहायक दोघं शेवटपर्यंत खटपट करत होते. पाच वाजून पन्नास मिनिटांनी विजयमालाबाई गेल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. जरिनाभाभी त्यांचे पाय चोळत होत्या, त्या पुढेही काही वेळ चोळत राहिल्या. इमामभाई बाहेर रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते. मी जाऊन सांगितलं तेव्हा म्हणाले, “मी नोट पुढं केली सायेब. मला वाटलं मस्करी हाय.”

छावणीच्या फोनवरून मी जळोचीला लावला. तब्येत बिघडल्याचं दुपारीच कळवलं होतं, ऋषिराज पुण्याहून निघाला होता, फोन आप्पासाहेबांनीच घेतला. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “तितनं पुढं किती ऱ्हायलं हुतं?”

“पावणेदोनशे किलोमीटर.”

“दवाखाना, इमान, सगळं तिकडंच हाय ना?”

“हो. लेहलाच.”

“मग त्याच वाटंनं न्या. माघारी फिरवू नका.”

माघारी फिरवण्याचा प्रश्न नव्हताच, विमान लेहहूनच होतं. तरी मी म्हणालो, “नाही फिरवत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णवाहिका निघाली. वाटेत मोठं सपाट पठार लागतं, मैलच्या मैल, मधे धुळीचे खांब उठतात. मग शेवटची आणि सगळ्यांत उंच खिंड. तिथे उंचीची पाटी आहे, लोक उतरून फोटो काढत होते. ड्रायव्हरने विचारलं, थांबायचं का. इमामभाई म्हणाले, “नको.” मग उतार, मग सिंधू नदी, पोपलरची हिरवी झाडं, दुकानं. दुपारी लेहला पोचलो. इमामभाईंनी ड्रायव्हरला विचारून घेतलं की बसस्टँड कुठल्या अंगाला आहे, आणि गाडी तिकडून घ्यायला लावली. स्टँडपाशी त्यांनी गाडी अर्धा मिनिट थांबवली.

जळोचीला दहाव्याला माणसं आली होती. बायका म्हणत होत्या, नवऱ्याआधी गेली, कुंकवासकट गेली, भाग्याची. आप्पासाहेब काठी टेकून बाजेवर बसले होते. ते म्हणाले, “भाग्याचं मला सांगू नका. ती खिडकीत बसून जायाला निघाली हुती. लाकडावाणी बांधून न्हेली.”

नंतर मला त्यांनी जवळ बोलावलं. मी तक्त्याचं सांगितलं. मी विचारत होतो, त्या ‘व्हय’ म्हणत होत्या, आणि मी बाटली पाहिली नाही, हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते.

“माझ्याशी बी तसंच बोलायची,” ते म्हणाले. “जेवलीस का म्हटलं की व्हय. पानी प्यालीस का की व्हय. मी कवा उठून बघितलं न्हाय.” मग म्हणाले, “पर तुमच्याकडं कागुद हुता.”

त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. नुसतं म्हटलं. मी चहा संपवला आणि निघालो.

मी पुन्हा कामावर आहे. इंदापूर–बारामतीला आता रेश्मा पवार नावाची मुलगी असते, विजयमालाबाईंनीच शिकवलेली. संध्याकाळी भरणा करते, मग खांबाशी जाऊन भरलेली बाटली उघडते. मी दोन-तीनदा तिला सांगून पाहिलं. डॉक्टर काय म्हणाला तेही सांगितलं. ती ऐकून घेते. “सायेब, खरं हाय,” म्हणते. “पर गाडी थांबवायची कुठं?” मी आगारप्रमुखांना अर्ज लिहिला आहे. त्यांनी तो वर पाठवला आहे. उत्तर आलेलं नाही.

पांगला जेवणाचा तंबू चालवणाऱ्या एका बाईने त्या दुपारी विजयमालाबाईंच्या अंगावर घालायला आपली जाड रजई आणून दिली होती. दुसऱ्या दिवशी निघताना ती काढून घेणं आमच्याच्याने झालं नाही, रजई लेहला गेली. मी त्या बाईला किंमत विचारली. ती म्हणाली, साडेसातशे. मी पाचशेच्या दोन नोटा पुढे केल्या, तिच्याकडे सुट्टे नव्हते आणि जास्तीचे ती घेईना. रुग्णवाहिका सुरू झाली होती. तिने हाताने ‘जा’ म्हटलं. तिचं नाव मी विचारलं नाही. तंबू हिवाळ्यात उठतात, पत्ता असा नाही. तिचे साडेसातशे रुपये द्यायचे बाकी आहेत.